कोणत्या लेसरने केले, फादर?

आपल्या समाजात आजारपणाविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत आहे. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दोन वयस्क माणसे भेटली की एकाचा मधुमेह आणि दुसऱ्याचा गुडघा यांची विचारपूस झाल्याशिवाय ती घरची वाट धरीत नाहीत. मोतीबिंदू कोणत्या डॉक्टरने काढला, हृदयात स्प्रिंग किती बसवल्या, हे तर हौसेने सांगण्याचे विषय. मात्र उतारवयातील पुरुषांच्या वाट्याला हमखास येणारी एक व्याधी अशी आहे की तिचा उच्चार कोणी करीत नाही. ती व्याधी म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ.

वेदीपाशी उभे राहणाऱ्याला ती न सांगताही दिसते. वर्षानुवर्षे पुढच्या बाकावर बसणारा एखादा गृहस्थ हळूहळू बाजूच्या दाराजवळच्या बाकाकडे सरकतो. लग्नाच्या मांडवात तो पाण्याचा पेला हातात धरतो, पण ओठाला लावीत नाही. वेलांकनीच्या यात्रेची बस ठरली की काहीतरी निमित्त काढून नाव नोंदवायचे टाळतो. घरची माणसे समजतात, वडील आताशा एकलकोंडे झाले. वस्तुतः त्या बिचाऱ्याला दर तासाला लघवीला जावे लागते, आणि ते सांगण्याची त्याला लाज वाटते, एवढेच त्यामागचे कारण असते.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, माझी या ग्रंथीवरची शस्त्रक्रिया झाली. ती लेसर किरणांनी झाली हे धर्मग्रामात कळायला वेळ लागला नाही. त्यानंतर मात्र एक नवल घडले. आजवर या बाबतीत अवाक्षर न काढणारे पुरुष एकेकटे धर्मगुरूंच्या निवासात येऊ लागले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाले की आवाज खाली आणून प्रत्येकाचा एकच प्रश्न असे, “कोणत्या लेसरने केले, फादर?” या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी वैद्य नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा जे वाचले, जे डॉक्टरांना विचारून समजून घेतले, तेवढेच माझे भांडवल.

प्रथम त्या ग्रंथीविषयी. प्रोस्टेट हा शब्द मूळचा ग्रीक. ‘पुढे उभा राहणारा, राखण करणारा’ असा त्याचा अर्थ. मूत्राशयाच्या मुखाशी ही ग्रंथी द्वारपालासारखी उभी असते म्हणून तिला हे नाव पडले. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. मूत्राशयातून निघणारी मूत्रनलिका नेमकी हिच्या मधून जाते, आणि सारी अडचण तेथेच उद्भवते. चाळिशीनंतर ही ग्रंथी आतल्या बाजूने वाढू लागते. शवविच्छेदनावर आधारलेल्या अभ्यासांत पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढील बहुतेकांत अशी वाढ आढळली आहे. मग वाट अरुंद होते. लघवीची धार बारीक पडते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही पोटात काही उरल्यासारखे वाटते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. हे वाक्य मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी सांगतो, कारण निम्मी भीती तेवढ्यानेच ओसरते.

वाढ झालेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. पुष्कळांचे औषधांवर भागते. टॅम्सुलोसिनसारखी गोळी ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करते. तिचा गुण काही दिवसांतच दिसतो. फिनास्टराइडसारखी गोळी ग्रंथीचा आकारच कमी करते, पण त्यासाठी सहा महिने धीर धरावा लागतो. औषधांनी भागेनासे झाले, लघवी वारंवार पूर्णपणे तुंबू लागली, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडांवर ताण येऊ लागला, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. माझी लघवी औषधे चालू असतानाही दोनदा तुंबली. दोन्ही वेळा नळी घालावी लागली. सोनोग्राफीत ग्रंथीचे वजन ९० ग्रॅमच्या आसपास निघाले. निर्णय लांबणीवर टाकण्यासारखा राहिला नव्हता.

लेसरकडे वळण्यापूर्वी जुन्या पद्धती समजून घेणे इष्ट, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या पद्धतींचे मोल कळत नाही. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात आपल्या देशाशी नाते असलेला एक माणूस आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यविशारद ब्रिटिश अमदानीत इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. उत्तर हिंदुस्थानात त्यांनी मूत्राशयातील खडे फोडण्याच्या शस्त्रक्रियेत मोठे नाव कमावले. निवृत्तीनंतर लंडनला परतल्यावर, १९०१ मध्ये, त्यांनी प्रोस्टेटवरील आपली पद्धत जाहीर केली. ओटीपोटाच्या वाटेने मूत्राशय उघडायचा आणि ग्रंथीचा वाढलेला गाभा बोटाने तिच्या आवरणापासून सोडवून अखंड बाहेर काढायचा. तसे न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी काही वर्षे आधीच असे केले होते. पण पद्धत जगभर पसरली ती फ्रेयर यांच्या नावाने. काम उत्तम होई. रक्तस्राव मात्र मोठा, आणि रुग्णाला कित्येक दिवस खाटेवर पडून राहावे लागे.

पुढे १९२० आणि १९३०च्या दशकांत दुसरी वाट सापडली. पोट न उघडता मूत्रमार्गातूनच दुर्बीण सरकवायची आणि तिच्या टोकाशी असलेल्या, विजेने तापणाऱ्या तारेच्या फाशाने ग्रंथी आतून थोडी थोडी कापीत जायची. हीच टीयूआरपी. आपण तिला ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतो. तिचे यश एवढे की आजही प्रत्येक नवी पद्धत तिच्याशीच तोलून पाहिली जाते.

दोहोंतला फरक मी आमच्या लोकांना नारळाच्या उदाहरणाने सांगतो. खवणीवर नारळ खवताना आपण आतून थर थर काढीत करवंटीपर्यंत पोचतो. टीयूआरपी ही तशी खवणी आहे. उलट नारळ पुरता सुकला की आतला गोटा करवंटीपासून सुटा होतो आणि अखंड निघतो. फ्रेयर यांचे बोट असा गोटा सोडवीत असे. खवताना वेळ लागतो आणि खोबरे थोडेफार करवंटीला चिकटून राहते. ग्रंथी फार मोठी असेल तर खवण्याचे काम लांबते आणि रक्तही अधिक जाते. पूर्वी आतली जागा धुण्यासाठी ग्लायसीनचे पाणी वापरावे लागे. ते रक्तात अधिक प्रमाणात शोषले गेले तर शरीरातील क्षाराचे प्रमाण घसरून रुग्ण अत्यवस्थ होत असे. अलीकडच्या बायपोलर यंत्रात ग्लायसीनऐवजी सलाइन चालते, त्यामुळे तो धोका जवळजवळ नाहीसा झाला आहे. जुनी पद्धतही सुधारत आली आहे, हे विसरता कामा नये.

आता लेसर. लेसर हा एका विशिष्ट तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रखर प्रकाश. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवला. कोणत्या पदार्थातून प्रकाश निर्माण केला यावर त्याची तरंगलांबी ठरते. त्या प्रकाशाला शरीरातले रक्त शोषून घेते की पाणी, आणि तो मांसात किती खोल उतरतो, हे तरंगलांबीवर अवलंबून असते. सारे वेगळेपण यातूनच निर्माण होते.

१९९०च्या दशकाच्या आरंभी प्रोस्टेटसाठी प्रथम वापरात आला तो निओडिमियमचा लेसर. त्याचा प्रकाश मांसात कित्येक मिलिमीटर खोल शिरे. मांस त्याच वेळी निघून जात नसे, ते आतल्या आत शिजे आणि पुढे कित्येक आठवडे झडत राही. रुग्णाला दीर्घकाळ नळी बाळगावी लागे, आणि लघवीची जळजळ वेगळीच. ती पद्धत मागे पडली. ‘लेसर’ हा शब्द उच्चारला की सर्व काही उत्तम, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

त्याच निओडिमियमचा प्रकाश एका स्फटिकातून नेला की त्याची तरंगलांबी निम्मी होऊन ५३२ नॅनोमीटरवर येते आणि डोळ्यांना हिरवा प्रकाश दिसतो. हा ‘ग्रीनलाइट’ लेसर. रक्तातील तांबडे द्रव्य त्याला तत्काळ शोषून घेते, त्यामुळे तो सुमारे एक मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. जेथे पडतो तेथील मांसाची वाफ होते आणि खालच्या रक्तवाहिन्या त्याच क्षणी बंद होतात. यंत्राची शक्ती ८० वॅटवरून १२० आणि पुढे १८० वॅटपर्यंत वाढत गेली. युरोपातील नऊ देशांत १८० वॅटच्या यंत्राची टीयूआरपीशी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१४ पासून प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनंतरही लघवीच्या त्रासातील सुधारणा दोन्हींत तोडीस तोड दिसली. याचा मोठा गुण म्हणजे रक्त फार थोडे जाते. हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना म्हणून तो सोयीचा. उणिवा दोन. मांसाची वाफ होऊन जाते, त्यामुळे प्रयोगशाळेत तपासायला काही उरत नाही. शिवाय ग्रंथी फार मोठी असेल तर सगळी वाफ करणे जिकिरीचे होते, आणि मागे राहिलेला भाग पुन्हा वाढून काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते.

तिसरा लेसर होल्मियमचा. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पेर टेओडोर क्लेव्ह यांनी १८७९ मध्ये दोन मूलद्रव्यांना नावे दिली. स्टॉकहोमच्या लॅटिन नावावरून होल्मियम, आणि प्राचीनांनी जगाच्या उत्तर टोकाला कल्पिलेल्या थुले या भूमीवरून थुलियम. सेमिनरीत लॅटिन घोकताना ही नावे एक दिवस माझ्याच देहाशी संबंधित होतील असे मनात आले नव्हते. होल्मियमचा प्रकाश पाणी शोषून घेते आणि तो अर्धा मिलिमीटरही आत जात नाही. तो सलग न पडता ठोक्याठोक्यांनी पडतो. म्हणूनच मूतखडा फोडायलाही तोच वापरतात. न्यूझीलंडमधील टाउरांगा या गावी पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात त्याचा निराळाच उपयोग शोधला. जाळण्याऐवजी त्यांनी त्या ठोक्यांनी ग्रंथीचा गाभा आवरणापासून सोडवला, तो मूत्राशयात ढकलला आणि तेथे बारीक करणाऱ्या यंत्राने तुकडे करून बाहेर ओढून घेतला. १९९८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीला ‘होलेप’ म्हणतात. म्हणजे जवळजवळ शतकानंतर फ्रेयर यांचा तो गोटा पुन्हा अखंड निघू लागला, फक्त पोट न उघडता. १०० ग्रॅमहून मोठ्या ग्रंथींवर जर्मनीत झालेल्या तुलनेत पाच वर्षांनंतरही होलेपचे फळ पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच टिकलेले आढळले, रक्त मात्र कितीतरी कमी गेले होते.

थुलियमचा लेसर याच्या मागून आला. त्याचा प्रकाश सलग पडतो आणि मांस अधिक नितळ कापतो. त्यानेही गाभा सोडवता येतो, किंवा वाफही करता येते. अलीकडे थुलियम फायबर लेसर आला असून त्याचे यंत्र आटोपशीर आहे. फळाच्या दृष्टीने थुलियम आणि होल्मियम यांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक आजवरच्या तुलनांत दिसलेला नाही. गाभा सोडवण्याची पद्धत, लेसर यांपैकी कोणताही असो, लहान-मोठ्या सर्व ग्रंथींना चालते, असे अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

मग होलेपच सर्वांसाठी का नाही? कारण ती शिकायला कठीण आहे. हात बसायला निदान वीस ते पन्नास शस्त्रक्रिया कराव्या लागतात असे स्वतः शल्यविशारदच सांगतात. तुकडे करणाऱ्या यंत्राचे पाते मूत्राशयाला लागण्याचा धोका असतो, तो थोडा असला तरी खरा आहे. शिवाय गाभा पूर्ण निघाल्यावर लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूला काही काळ एकट्याने भार पेलावा लागतो, त्यामुळे खोकताना, शिंकताना कपडे ओले होतात. बहुतेकांत हे काही आठवड्यांत वा महिन्यांत थांबते.

मी दोन मूत्ररोगतज्ज्ञांना भेटलो. एकाकडे ग्रीनलाइटचे यंत्र होते, दुसऱ्यांचा हात होलेपवर बसलेला होता. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीची वाखाणणी केली. त्यात गैर काही नाही. मी दोघांनाही एकच विचारले, “डॉक्टर, माझ्याएवढी ग्रंथी असलेल्या किती रुग्णांवर आपण हे केले आहे?” दुसऱ्यांचा आकडा शेकड्यांत होता. माझी ग्रंथी मोठी होती आणि रक्तातील पीएसए थोडे वाढलेले असल्यामुळे काढलेले मांस तपासले जाणे मला महत्त्वाचे वाटले. मी होलेप निवडली. कमरेतून भूल दिली गेली. नळी दुसऱ्या दिवशी निघाली. पहिल्यांदा आपोआप लघवी झाली तेव्हा पाच वर्षांत न पाहिलेली धार मी पाहिली. तपासणीत कर्करोग आढळला नाही. पुढचे सहा आठवडे मात्र पांढऱ्या झग्याच्या आत पॅड बांधून मी मिस्सा अर्पण केली, आणि प्रवचन आटोपशीर ठेवले. धर्मग्रामस्थांनी त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

माझ्याहून वडील असलेल्या एका धर्मगुरूंची कथा वेगळी. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद करणे जोखमीचे, ग्रंथी ४५ ग्रॅमची. त्यांना ग्रीनलाइट केले आणि तेच योग्य होते. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची तिसरी कथा मला अधिक मोलाची वाटते. वडिलांची ग्रंथी ३५ ग्रॅमची. मुलांनी कुठेतरी ऐकले की लेसरवाचून गत्यंतर नाही. मोठ्या सुनेने आपले सोने गहाण टाकायची तयारी केली होती. धाकटा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला म्हटले, “बाळा, आधी सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना विचार, एवढ्या ग्रंथीला लेसरच हवा का?” ते म्हणाले, “मुळीच नाही.” साधी बायपोलर टीयूआरपी झाली. सुनेचे सोने घरात राहिले, आणि आजोबा पुन्हा पुढच्या बाकावर बसू लागले आहेत. मुलाच्या मनात मात्र आपण वडिलांसाठी कमी पडलो असा सल होता. तो काढायला मला शस्त्रक्रियेहून अधिक दिवस लागले.

या तीन माणसांवर तीन पद्धतींनी शस्त्रक्रिया झाली आणि तिघेही सुखी आहेत. म्हणून ‘कोणता लेसर?’ या प्रश्नाआधी दुसरे प्रश्न यायला हवेत. माझी ग्रंथी केवढी आहे? मी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का? काढलेल्या मांसाची तपासणी होणे गरजेचे आहे का? त्या किरणाने माझी ग्रंथी जाळणार आहात की सोडवून काढणार आहात? हे काम आपण किती वेळा केले आहे? आणि एकूण खर्च किती?

आणखी एक प्रश्न आहे. तो पुरुष विचारीत नाहीत आणि डॉक्टरही घाईत सांगायचे विसरतात. टीयूआरपी असो वा होलेप, शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य पुरुषांत संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. ग्रीनलाइटमध्ये हे प्रमाण काहीसे कमी असले तरी टळत नाही. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, आणि पुरुषत्वाची शक्ती सहसा जात नाही. परंतु अपत्याची आशा असेल तर ही गोष्ट आधी कळायला हवी. डॉक्टर मला म्हणाले, “फादर, तुम्हाला याचे काय?” मी म्हटले, “मला नसेल, पण माझ्याकडे येणाऱ्यांना आहे, तुम्ही सांगा.” ही गोष्ट पतीने एकट्याने ऐकून पोटात ठेवू नये. पत्नीला सोबत घेऊन जावे. तिलाही हे जाणून घेण्याचा अधिकार आहे, आणि बरेचदा नेमका प्रश्न तीच विचारते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे या ग्रंथीची चिंता कायमची मिटली, असेही समजू नये. आत काढला जातो तो गाभा; आवरणाकडचा भाग तसाच राहतो आणि त्यात पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून पीएसएची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी. मूत्राशयाने वर्षानुवर्षे जोर लावलेला असेल तर तोही थकलेला असतो. रात्रीचे उठणे काहींचे पूर्णपणे जात नाही. म्हणूनच फार काळ सोसत बसू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि अतिमद्यपानाने अशा माणसाची लघवी अचानक तुंबू शकते. आमच्याकडे एका लग्नाच्या रात्री तसे घडले, आणि वरपित्याला मांडवातून थेट इस्पितळात न्यावे लागले.

घरातील सुना-मुलांना माझी एकच विनंती. वडील यात्रेला येत नाहीत, पाणी पीत नाहीत, दाराजवळची जागा शोधतात, असे दिसले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारा. स्वतःहून ते सांगणार नाहीत. मुलाला विचारायला संकोच वाटत असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. या विषयावर बोलायला मला आता लाज वाटत नाही.